चिठ्ठीतला आवाज

रविवार, ३ सप्टेंबर. दुपारी २.

आज चर्चमध्ये चिठ्ठ्या निघाल्या. नियम लिहून ठेवतो, कारण गेल्या वर्षी शिंप्याने ते सगळ्यांदेखत मला ऐकवले होते. ज्याला जे दुःख असेल ते त्याने बिननावाने लिहून पेटीत टाकायचं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टायपिस्टबाई प्रत्येक चिठ्ठी आपल्या जुन्या मशीनवर टाइप करतात आणि मूळ कागद फाडून टाकतात. मग टोपली फिरते. जी चिठ्ठी हाताला लागेल तिच्यासाठी सहा आठवडे प्रार्थना करायची. कोणाची ते शोधायचं नाही, कोणाला वाचून दाखवायची नाही. शेवटच्या रविवारी ज्याला वाटेल त्याने उभं राहून ती माझी होती असं सांगायचं. मग प्रार्थना करणाऱ्यानेही उभं राहायचं.

शिंप्याच्या चिठ्ठीत कोणाचा तरी दुखरा गुडघा आला. त्याने सांगितलं नाही, मी मागून वाचलं. मला आलेली जशीच्या तशी उतरवतो:

'आमच्या घरात एक आवाज आहे. सकाळी सहाला सुरू होतो, दिवे मालवेपर्यंत थांबत नाही. त्याला सगळं माहीत असतं. त्याच्यापुढे आम्हांला आमचं बोलणं सुचत नाही. त्याच्यापायी घरातलं एक माणूस घर सोडायच्या विचारात आहे. देवाने त्या आवाजावर आपला अधिकार चालवावा.'

तीनदा वाचली. अंगावर काटा आला. गुडघा नाही, परीक्षा नाही, सरळ दुष्टात्मा. आणि याच बुधवारपासून चर्चच्या मागच्या खोलीत माझा सहा बुधवारांचा वर्ग सुरू होतोय: दुष्टात्मे आणि दैवी अधिकार. याला योगायोग म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

जेवताना बायकोला आणि मुलीला वाचून दाखवली. (घरच्यांना दाखवणं म्हणजे दाखवणं नव्हे.) बायकोने चमचा खाली ठेवला. ही तुम्हांला आली, असं विचारलं. हो म्हटलं. मग योग्य हातात पडली, म्हणाली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझी योग्यता मान्य केली. त्या घराची काय अवस्था असेल ते मी पाऊण तास समजावून सांगितलं. मुलगी मध्येच उठून भांडी घासायला गेली. आध्यात्मिक विषयात तिला गोडी नाही.

निर्धार: नुसती प्रार्थना नाही. ते घर शोधायचं आणि तो आवाज बाहेर काढायचा.

सोमवार, ४ सप्टेंबर. सकाळी ५:५०.

अभ्यासाला बसलो. कफर्णहूमच्या सभास्थानातला प्रसंग. अशुद्ध आत्मा लागलेला माणूस भर सभेत येशूवर ओरडतो, तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे. त्याला मिळालेली पहिली आज्ञा: गप्प राहा. दुसरी: बाहेर नीघ. आधी गप्प, मग बाहेर. क्रम महत्त्वाचा. क्लच आधी, गिअर नंतर, तसंच.

सहाला बायको चहा टाकायला उठली. तिला हे सगळं सांगितलं. गॅस एवढा मोठा ठेवू नये हेही सांगितलं.

संध्याकाळी ७.

पहिलं लेसन दातांच्या डॉक्टरिणीचं. अकरा महिने शिकतेय, तीनदा टेस्ट नापास. शिकाऊ गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. एकोणीस वर्षं माझा पाय त्या ब्रेकवर आहे. अधिकार म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. आज म्हणाली, सर, पाच मिनिटं काही बोलू नका, मला रस्ता बघू द्या. असं गप्प बसणं किती धोक्याचं असतं ते तिला पाच मिनिटं सांगितलं. तेवढ्यात गाडी फुटपाथवर.

बुधवार, ६ सप्टेंबर.

पहिला वर्ग. सुरू होण्याआधी शिंप्याला चिठ्ठी वाचून दाखवली. चौदा जण. दीड तास बोललो, कोणी हललं नाही. शेवटी शिंप्याने हात वर केला. म्हणाला, तो दुष्टात्मा म्हणाला ते तर खरंच होतं. समोर कोण उभा आहे हे त्याने बरोबर ओळखलं होतं. मग बरोबर बोलणाऱ्याला गप्प का बसवलं?

प्रश्न चुकीचा होता. तसं सांगितलं.

मग त्याने आणखी विचारलं, दुष्टात्म्याला कळतं का, आपण दुष्टात्मा आहोत ते? म्हटलं, कळतं. शास्त्रात प्रत्येकाला कळतं. शिंपी म्हणाला, मग त्या काळातले बरे होते म्हणायचे.

तो माझा तीस वर्षांचा मित्र आहे. माझे सगळे शर्ट त्याने शिवलेले आहेत. म्हणून खपवून घेतो.

शनिवार, ९ सप्टेंबर.

संशयित घर सापडलं. निवृत्त बँडमास्तरचं. दूधवाला म्हणतो, तिथे सकाळी सहाला आवाज सुरू होतो तो दुपारपर्यंत. शिंप्याला घेऊन पावणेसहाला खिडकीखाली उभा राहिलो. आपण घर शोधायचं नसतं, असं तो सारखं म्हणत होता. मी म्हटलं, मग आलास कशाला? म्हणाला, तुला परत न्यायला.

सहाच्या ठोक्याला आतून खणखणीत बाईचा आवाज. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. दार उघडंच होतं. आत शिरलो, हात वर केला आणि पूर्ण अधिकाराने म्हणालो, गप्प राहा.

बँडमास्तरीणबाई सतरंजीवर पाय वर करून पडलेल्या होत्या. फोनवर व्यायामाची शिकवणी घेत होत्या. फोनच्या पडद्यावर आणखी अकरा बायका पाय वर करून. बँडमास्तर तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. म्हणाला, चर्चच्या पाळकांना मी ओळखतो, या शिंप्यालाही ओळखतो. तुम्ही कोण?

फाटकातून निघताना शर्ट खिळ्याला अडकून खांद्यापासून खालपर्यंत फाटला. कोपर सोलपटलं. शिंप्याचे खांदे रस्ताभर हलत होते. मग म्हणाला, इफिसात सात भाऊ असेच एका घरात शिरले होते ना? दुसऱ्याच्या नावाने भूत काढायला? त्यांनाही भुताने हेच विचारलं होतं, तुम्ही कोण? आणि तेही उघडे, जखमी होऊन पळाले.

साम्य ओढूनताणून आणलेलं आहे. ते सात होते, आम्ही दोघे.

मंगळवार, १२ सप्टेंबर.

मुलीला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलच्या लॅबमधून नोकरीचं पत्र आलंय. महिन्याभरात कळवायचं आहे. टेबलावर पत्र ठेवून ती म्हणाली, बाबा, मला यावर थोडं बोलायचंय. मी म्हटलं, बोल की. आणि मग त्या शहराची हवा, हॉस्टेलं, तिथली ट्रॅफिक आणि इथल्या लॅबचे फायदे, सगळे मुद्दे तिच्यापुढे मांडले. तासभर चर्चा झाली. शेवटी ती काही म्हणाली नाही, पत्र घडी करून उचललं. म्हणजे पटलं.

चिठ्ठीतल्या त्या घरात असा मोकळा संवाद असता तर आवाजाला शिरायला जागाच मिळाली नसती.

बुधवार, १३ सप्टेंबर.

नऊ जण. हवा दमट होती.

मंगळवार, १९ सप्टेंबर.

पाळकांना भेटलो. म्हटलं, येशूच्या शिष्यांनाही एका मुलातला आत्मा काढता आला नव्हता. तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की ही जात प्रार्थना आणि उपासाशिवाय निघत नाही. म्हणून मी काल दुपारचं जेवण सोडलं. (डॉक्टरिणीने दिलेली बिस्किटं मोजायची नाहीत, ती गाडीत खाल्ली.) तरी काही हललं नाही.

पाळकांनी बराच वेळ पेन्सिल फिरवली. म्हणाले, जेवण नका सोडू. तुम्हांला उपासच करायचा तर बोलण्याचा करा. एक अख्खा दिवस. मी विचारलं, त्याने त्या घरातला आवाज जाईल? ते म्हणाले, गुरुवारी करून बघा.

बुधवार, २० सप्टेंबर.

सहा जण. एका माणसातून निघून भुतं दोन हजार डुकरांत शिरली, त्यावर बोललो. शिंप्याने विचारलं, भुतं गेल्यावर तो माणूस काय करत होता? म्हटलं, काही नाही. कपडे घालून, शुद्धीवर येऊन नुसता बसला होता. शिंपी म्हणाला, तेवढंच तर हवं होतं त्याच्या घरच्यांना.

गुरुवार, २१ सप्टेंबर. संध्याकाळी ८.

मौन. सकाळी सहापासून. लेसन्स रद्द केली. सांगायचं ते चिठ्ठ्यांवर लिहून बायकोला दिलं. एकूण एकतीस चिठ्ठ्या. 'दूध उतू जाईल' ही लिहीपर्यंत गेलं. चौदाव्या चिठ्ठीनंतर तिने चष्मा काढून ठेवला, म्हणून उरलेल्या फ्रिजवर लावल्या.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. स्वयंपाकघरात दोघींचं काहीतरी चाललं होतं. मुलगी लॅबमधली गोष्ट सांगत होती. कोणीतरी रक्त द्यायला आला आणि सुई बघून खुर्चीसकट आडवा झाला, असलं काहीतरी. मध्येच दोघी हसायला लागल्या. मुलगी हसताना खोकते. लहानपणी खोकायची, अजून खोकते हे मला माहीत नव्हतं. बराच वेळ हसत होत्या. मला आत जावंसं वाटलं, पण गेलो असतो तर बोललो असतो.

आज घरात काहीतरी वेगळं होतं. पंख्याची घरघर थांबलीय का ते बघायला हवं.

शुक्रवार, २२ सप्टेंबर. सकाळी ११.

सहाला मौन सुटलं. कालच्या दिवसभराचं राहिलेलं सगळं बोलून घेतलं. ती सुईची गोष्ट मुलीने चुकीची सांगितली होती, रक्त देणारा आधी पाणी प्यायला हवा होता, तेही समजावलं. खूप मोकळं वाटलं. साताला मुलगी डबा न घेताच गेली.

रविवार, २४ सप्टेंबर.

तीन आठवडे झाले. आज पेटी पुन्हा उघडतात. ज्याने चिठ्ठी टाकली त्याला फरक पडला असेल तर तो आणखी दोन ओळी टाकतो. टायपिस्टबाई अक्षर लक्षात ठेवून वर आधीच्या चिठ्ठीचा नंबर घालतात, म्हणजे ज्याची त्याला मिळते. माझ्या नंबरची आली. 

'गुरुवारी दिवसभर घर शांत होतं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. देवाचे आभार. पण शुक्रवारी सकाळी तो परत आला, आणि सात जण बरोबर घेऊन आल्यासारखा आला.'

गुरुवार. ज्या गुरुवारी मी मौन धरलं तोच गुरुवार. म्हणजे माझा उपास इथे आणि परिणाम दुसऱ्याच्या घरात, भिंती ओलांडून. डोळ्यांत पाणी आलं. आता हा दाखला निघालाच म्हणून लिहितो. आत्मा माणसातून निघतो, वणवण फिरतो, परत येऊन बघतो तर घर रिकामं, झाडलेलं, नीटनेटकं. मग आपल्याहून वाईट असे सात सोबती घेऊन आत शिरतो. बाई कोण आहे कोण जाणे, पण शास्त्र जाणते.

'दोघी' हा महत्त्वाचा पुरावा. दोन बायका आणि एक आवाज असलेली घरं: पोस्टमनचं, बेकरीवाल्याचं, नर्सबाईंचं. तसं आमचंही बसतं. पण आमच्या घरात आवाज कोणाचा? कोणाचाच नाही. दोघी तर बोलतच नाहीत.

बायकोला ही चिठ्ठीही वाचून दाखवली. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, अहो, आणखी एक गुरुवार कराल का? म्हटलं, एकाच औषधाची सवय लागू द्यायची नसते.

बुधवार, २७ सप्टेंबर.

तीन जण. त्यांतली एक टायपिस्टबाई, त्या कुलूप लावायला थांबल्या होत्या.

वर्ग संपल्यावर पाळक म्हणाले, उरलेले दोन बुधवार शिंपी घेईल. तुम्ही विश्रांती घ्या. मी शिंप्याकडे बघितलं. तो टेप गळ्यात अडकवून छताकडे बघत होता. तीस वर्षं. हा माणूस माझ्या छातीचं माप डोळे मिटून सांगतो, त्याच माणसाने माझी खुर्ची घेतली. येशूला दगा देणाऱ्या यहूदातही सैतान शिरला तो जेवणाच्या टेबलावर, बाहेर कुठे नाही.

सोमवार, २ ऑक्टोबर.

डॉक्टरीण टेस्ट पास. माझ्याकडे नाही. मागल्या गल्लीतल्या नव्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठ दिवस गेली आणि पास. माझ्या ऑफिसात येऊन स्वतः सांगितलं, वर पुन्हा बिस्किटांचा डबा. मी विचारलं, त्या पोरसवदा शिक्षकाने असं काय शिकवलं? म्हणाली, काहीच नाही हो सर. तो नुसता बसतो. मला माझ्या गाडीचं इंजिन पहिल्यांदा ऐकू आलं.

अकरा महिने. मीच तिचा पाया घातला आणि कळस दुसऱ्याने चढवला. बिस्किटं घेतली नाहीत. दोन घेतली.

बुधवार, ४ ऑक्टोबर.

शिंप्याच्या वर्गाला एकोणीस जण. मी गेलो नव्हतो, खिडकीतून मोजले. तो एक प्रश्न विचारतो आणि थांबतो. मग कोणीतरी बोलतं. याला शिकवणं म्हणत नाहीत.

चौथ्या रांगेत माझी बायको होती. बोलत होती. काय बोलत होती ते काचेतून ऐकू आलं नाही.

शनिवार, ७ ऑक्टोबर.

टायपिस्टबाईंकडे गेलो. म्हटलं, नाव सांगा, त्या दोघींचा जीव टांगणीला लागलाय. नाव सांगणं का जरूर आहे ते तासभर पटवून दिलं. त्या मशीनची रिबन बदलत ऐकत होत्या. म्हणाल्या, नाव मलाही ठाऊक नसतं. पण इतक्या वर्षांत एक पाहिलंय. अशी चिठ्ठी हातात आली की बहुतेक लोकांना आधी वाटतं, ही आपल्याच घरातली तर नाही? तुम्हांला नाही वाटलं?

म्हटलं, मला दुसऱ्यांच्या घरातलं चटकन दिसतं. त्या म्हणाल्या, ते दिसतंयच.

मंगळवार, १० ऑक्टोबर.

मुलीने लॅबला होकार कळवला. मला आज समजलं. आठवड्यापूर्वीच कळवला होता. आईला माहीत होतं, शिंप्याला माहीत होतं, तिने त्याच्याकडून दोन कुर्ते शिवून घेतले. मला विचारलं नाही. मी सगळे मुद्दे इतके स्पष्ट मांडले होते.

या घरात माझ्या पाठीमागे बोललं जातं. समोर का नाही बोलत?

रविवार, १५ ऑक्टोबर. दुपारी ४.

शेवटचा रविवार. नवा शर्ट घातला. चिठ्ठी खिशात. ती बाई उभी राहणार, मी उभा राहणार, मग दोन शब्द बोलणार. दोन शब्द लिहून नेले होते, साडेचार पानं.

गुडघा उभा राहिला. तो पाळकांचा होता. शिंपी उभा राहिला. एक-दोन जण रडले. 

मग माझ्या शेजारची खुर्ची वाजली. बायको उभी राहिली.

म्हणाली, आवाजाची चिठ्ठी माझी होती. ज्यांनी प्रार्थना केली त्यांचे आभार. एक दिवस मिळाला.

एवढंच. नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. शिंपी बुटांकडे बघत होता. टायपिस्टबाईंनी चष्मा पुसला. बँडमास्तरही आला होता. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कदाचित खिडकीखाली उभे होतो त्या सकाळी शिंप्यालाही माहीत होतं.

नियमाप्रमाणे मला उभं राहायचं होतं. राहिलो. साडेचार पानं हातात होती. तोंड उघडलं. आतून काही आलं नाही. खाली बसलो.

संध्याकाळी ७.

घरी येऊन बायकोला विचारलं, चोवीस वर्षं एका टेबलावर जेवतो. पेटीत टाकायला कागद सापडला, मला सांगायला तोंड नव्हतं?

म्हणाली, सांगत होते. तुम्ही बोलत होतात.

बुधवार, १८ ऑक्टोबर.

शिंप्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. तोच आला. फाटलेला शर्ट शिवून आणला होता. शिवण दिसतही नाही. तुला कधीपासून माहीत होतं, विचारलं. म्हणाला, तू पहिल्या वर्गाआधी मला चिठ्ठी वाचून दाखवलीस तेव्हापासून. मग सांगितलं का नाहीस? म्हणाला, विचारत होतो की. दर बुधवारी.

शनिवार, २१ ऑक्टोबर.

निर्धार: स्टेशनपर्यंत एक शब्द नाही.

मुलगी म्हणाली, बाबा, आज मी चालवते. घरच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही. पहिल्या चौकात माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला. पायाखाली नुसती चटई. दुसऱ्या चौकातही तेच. तिने बघितलं. गाडी छान चालवते. वळणावर आधी आरसा बघते. हे तिला कोणी शिकवलं ते सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. बाविसाव्या मिनिटाला इंजिन ऐकू आलं. टॅपेटचा बारीक आवाज येतोय, बघायला हवा.

प्लॅटफॉर्मवर बॅगा ठेवल्या. ती माझ्यासमोर थांबली. गाडी सुटायला आठ मिनिटं होती आणि ती नुसती थांबली होती. बोला आता, असं म्हणाली. खरंच बोला बाबा.

मला काही सुचलं नाही. चेन नीट लागली नाहीये बॅगेची, असं म्हणालो.

ती हसली. खोकली.

रविवार, २२ ऑक्टोबर. सकाळी ६:०५.

मुलीच्या खोलीशी गेलो. जाण्याआधी तिने सगळं आवरलं होतं. जमीन झाडलेली, पलंगावर चादर ताणलेली, टेबल पुसलेलं. रिकामी. पुढचं वाक्य मला पाठ आहे. दारातच उभा राहिलो, आत गेलो नाही.

६:१०. चहाला बसलो. निर्धार: आजपासून फक्त विचारलं तर बोलायचं. बायकोने माझ्याकडे बघत माझ्या कपात दुसऱ्यांदा साखर घातली. बघितलं. काही बोललो नाही.

६:१२. बोललो.